डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचं यंत्र

आमचे हे चिपळूणला एका सहकारी बँकेत मॅनेजर होते. मी त्याच गावात पॅथॉलॉजीची लॅब चालवायचे. मी स्वतः एम.डी. होते, अर्ध्या गावाचं रक्त माझ्या काचपट्टीखालून गेलेलं होतं. पण कुणाच्या लग्नाला गेलं की ओळख ठरलेली: "या मॅनेजरसाहेबांच्या मिसेस." वीस वर्षं मी हे गोड हसून ऐकलं. गोड हसताना आत काय चाललेलं असायचं ते सांगत नाही.

मग मला हाइलच्या सरकारी इस्पितळात नोकरी मिळाली, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि हे स्वेच्छानिवृत्ती घेऊन माझ्यासोबत सौदीला आले. इथे बाहेरून आलेल्याला कुणाच्या तरी छत्राखाली राहावं लागतं, त्या जामीनदाराला कफील म्हणतात. माझा कफील इस्पितळ, आणि यांचा कफील मी. यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, हुद्द्याच्या जागी 'काम करण्याची परवानगी नाही' असं छापलेलं आहे. घर माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, विजेचं बिल माझ्या नावावर. इस्पितळाच्या गेटवरचे पहारेकरी यांना 'जौज-दुक्तूरा' म्हणतात, म्हणजे डॉक्टरीणबाईंचा नवरा. फिट्टंफाट झाली म्हणायची.

खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मला त्याची मजा वाटली. यांनीही ते हसून काढलं. मला सोडायला यायचे, न्यायला यायचे, मधल्या वेळात घरी डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायचे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलून बोलून अरबी शिकले, माझ्यापेक्षा चांगली. मी अजून 'खलास' आणि 'यल्ला' यांच्यावर संसार चालवते. दुसऱ्या वर्षी इकाम्यांचं नूतनीकरण झालं तेव्हा सगळे कागद टेबलावर पसरून हे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "या देशात माझ्या नावाचा असा एक तरी कागद आहे का गं, ज्यात तू नाहीस?"

"लायसन्स आहे की," मी म्हटलं.

"त्यालासुद्धा तुझं पत्र जोडावं लागलं होतं."

तीस वर्षं ज्यांच्या सहीशिवाय तालुक्यात ट्रॅक्टर विकला गेला नाही, त्या माणसाने हे विचारलं. मी म्हटलं, "मग काय करू, राजीनामा देऊ?" ते उठले आणि भांडी घासायला गेले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे. पण ते दरवेळी नंतरच आठवतं.

त्यानंतर महिन्याभराने ते यंत्र घरात आलं. इथे जुन्या सामानाचा बाजार भरतो, त्याला हराज म्हणतात. तिथे एका म्हाताऱ्या सुदानी दुकानदाराकडे ते कपाटामागे पडलेलं होतं. ॲल्युमिनियमची दांडी, खाली जेवणाच्या ताटाएवढी चकती, वर एक डबा आणि डब्यावर दोन बटणं. वायर तीन ठिकाणी काळ्या पट्टीने गुंडाळलेली. जमिनीत धातू असला की कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज येतो. आजकालच्या यंत्रांना पडदा असतो, आकडा दिसतो, सोनं की पत्रा ते कळतं. याला तसलं काही नाही. हे नुसतं कण्हतं. लोखंड असलं तर घोगरं कण्हतं, चांदी-तांबं असलं तर बारीक. आणि उन्हात तापलं की काही नसतानाच कण्हायला लागतं. मग बटणं पिळून पुन्हा सूर लावायचा, दर दहा मिनिटांनी.

"घरचं झालं थोडं," मी म्हटलं, "त्यात हे घोडं कुठून आणलंत?"

"जुनं आहे, पण दणकट आहे," हे म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा विनोद मी गिळला.

तेव्हापासून आमचे शुक्रवार वाळवंटात. सकाळी सातला थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे, आणि गाडीच्या मागच्या सीटवर ते धूड. मी सतरंजीवर बसून मुलीशी फोनवर बोलणार, आणि हे डोक्याला उपरणं बांधून, कानाला ते लावून, जमीन झाडल्यासारखे इकडून तिकडे. येणारे-जाणारे सौदी गाडीतून हात करायचे. त्यांना वाटत असणार, या माणसाची किल्ली हरवली आहे. एकजण तर उतरून अर्धा तास शोधू लागला.

सापडायचं काय? सोड्याच्या डब्यांची कडी. तंबूचे खुंटे. बाटल्यांची बुचं. गंजलेली काडतुसं. एकदा उंटाच्या खोगिराचं एक कडं, ते सापडलं तेव्हा यांनी मला कटिंग चहा पाजल्यासारखा थर्मासमधून स्वतःच्या हाताने ओतून दिला. डोंगर पोखरून उंदीर काढणं म्हणतात, तर इथे उंदीरसुद्धा नव्हता, उंदराच्या शेपटीची कडी होती. आमच्या हाइलच्या आठ-दहा मराठी कुटुंबांत यांचं नाव 'खाणकाम विभाग' पडलं. भिशीच्या जेवणात कुणीतरी विचारायचंच, "काय मग, या आठवड्यात तेल लागलं का?" आणि सगळ्यात मोठ्याने मी हसायचे.

पण बँकेतला माणूस तो बँकेतलाच. माझ्या लॅबमधून मुदत संपलेल्या नमुन्याच्या प्लास्टिक डब्या मी घरी आणल्या होत्या, त्या यांनी ताब्यात घेतल्या. प्रत्येक कडीला स्वतंत्र डबी. डबीवरच्या चिठ्ठीत 'रुग्णाचे नाव' असा रकाना असतो, तिथे हे लिहायचे 'अज्ञात'. 'नमुना' या रकान्यात 'सोड्याच्या डब्याची कडी, क्र. ४१'. शिवाय एक वही: तारीख, जागा, किती बोटं खोल, आवाज कसा. मला वाटायचं, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "भिंतीची तक्रार आहे का?"

आठ महिने असे गेले. ऑक्टोबर लागला, सकाळी जरा गारवा पडायला लागला, आणि आम्ही नेहमीपेक्षा लांब गेलो. पूर्वी हाजींचे तांडे त्या भागातून मक्केकडे जायचे असं कोपऱ्यावरच्या दुकानदाराने यांना सांगितलं होतं. एक ढासळलेली विहीर होती, दगडांचा ढीग होता. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. कुणाला विचारावं असं आम्हाला सुचलं नाही. कर्जाला तीन जामीन मागणारा माणूस आणि रिपोर्टवर सही करण्याआधी दोनदा तपासणारी बाई, दोघांनाही सुचलं नाही.

तिथे यंत्र बारीक कण्हलं. हे गुडघ्यावर बसले, हाताने वाळू बाजूला करत राहिले, आणि मग कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं चक्कर आली. धावत गेले तर तळहातावर एक काळपट चकती, नखाएवढी जाड नाही, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढी. वर कसलासा पापुद्रा चढलेला. तिरक्या उन्हात धरली की पापुद्र्याखाली ओळी दिसायच्या. अक्षरं होती. यांनी चार ओळी मोजल्या.

"नाणं आहे," हे म्हणाले. आवाज असा, की मी थट्टा केली नाही.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. ते नाणं डबीत कापसावर ठेवलं गेलं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, पुसायचंसुद्धा नसतं, वरचा थर गेला की अक्षरं जातात, हे यांनी मला निदान चार वेळा सांगितलं असेल. चारही वेळा मी पोळ्या लाटत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं होतं, बंद पडलं तरच लक्षात येतं. आणि एक मागणी होती त्यांची. माझ्या लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकदा अक्षरांचा फोटो काढून आण. मी म्हणायचे, "उद्या नेते." तीन आठवडे मी 'उद्या नेते' म्हणत होते. दिवसाला पन्नास जणांच्या गाठी मी त्या काचेखाली बघते. नवऱ्याचं एक नाणं बघायला मला वेळ झाला नाही.

लक्ष्मीपूजनाचा दिवस आला. इथे दिवाळीला सुट्टी नसते. मी ड्युटी करून तीनला घरी आले, हे कुणाकडून तरी झेंडूची फुलं मिळतात का ते बघायला गेलेले. चौरंग मांडला, तांदूळ पसरले, आणि लक्षात आलं की पूजेला चांदीचं नाणं नाही. माझं होतं ते चिपळूणच्या लॉकरमध्ये. दरवर्षी मी सुपारीवर भागवते. पण त्या दिवशी मनात आलं, घरात चांदीचं नाणं आहे की. आठ महिने मी या माणसाची टर उडवली. आज लक्ष्मीसमोर त्यांनी शोधलेलं नाणं ठेवावं, त्यांनी येऊन बघावं, एकदा तरी त्यांच्या हौसेचं कौतुक करावं.

इतका चांगला विचार माझ्या मनात सहसा येत नाही. आला तो असा.

काळं नाणं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं? चांदीला रांगोळीच लावायची, ही माझ्या सासूबाईंची शिकवण. लिंबाची फोड, चिमूटभर रांगोळी, आणि अंगठा. पापुद्रा निघायला लागला तसा मला चेवच आला. दोन्ही बाजू घासल्या. आमच्याकडचं निरांजनसुद्धा कधी इतकं लखलखलं नसेल. ताटात मधोमध ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, मुलीला पाठवायला फोटो काढला.

हे फुलं घेऊन आले. दारातूनच ताटाकडे बघितलं. चपला न काढताच दोन पावलं आत आले, मग परत जाऊन काढल्या. जवळ बसले. मी म्हटलं, "बघा, तुमची लक्ष्मी." त्यांनी नाणं उचललं नाही, वाकून नुसतं बघितलं. मग मीही वाकून बघितलं, आणि तेव्हा मला कळलं की ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे. एक ओळ नाही, एक अक्षर नाही. डब्याचा पत्रा कापून ठेवावा तसं.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "छान दिसतंय." आरती म्हटली, करंजी खाल्ली, मुलीशी फोनवर हसून बोलले. वहीत मात्र त्यांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फराळाचा डबा नेला होता. माझी तंत्रज्ञ हाइलचीच आहे, चकलीवर तिचा भारी जीव. फराळाच्या ताटाचे फोटो दाखवताना तो फोटो पुढे आला. तिने बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "हे कुठून?" मी सांगितलं. तिने चकली खाली ठेवली. मग तिने शांतपणे मला जे सांगितलं त्याचा अर्थ असा: जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची असते, सापडली तर लगेच नेऊन द्यायची असते, आणि असल्या वस्तू शोधायला यंत्र घेऊन फिरणं हाच मुळी गुन्हा आहे. बाहेरच्या माणसाला यात थेट परतीचं तिकीट मिळू शकतं. आणि तो अवलंबित असेल तर त्याच्या कफीलचीही चौकशी होते.

कफील म्हणजे मी. माझी नोकरी, मुलीचं शिक्षण, दोघांचे इकामे, सगळं डोळ्यांसमोर फिरलं. घरी येऊन मी पहिलं वाक्य बोलले ते हे, की यंत्राचे तुकडे करा, नाणं वाळूत फेकून या, खलास.

हे खुर्चीतून उठले नाहीत. "यंत्र देऊन टाकू," म्हणाले, "पण नाणं फेकायचं नाही. मी पुरातत्त्वाच्या ऑफिसात जाऊन जमा करणार."

"आणि त्यांनी आत टाकलं म्हणजे? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मी आज सकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून आलोय. वस्तू स्वतःहून नेऊन दिली तर ते समजून घेतात. नोंद करतात. नोंदीत शोधणाऱ्याचं नाव घालतात."

मग मला सगळं कळलं. मी म्हटलं, "त्या एका नावासाठी माझी नोकरी घालवणार तुम्ही?" ते म्हणाले, "हो, तुझी नोकरी. मला माहीत आहे ती तुझी आहे." पंचवीस वर्षांत त्यांनी मला असं तोडून उत्तर दिलं नव्हतं. 

तिसऱ्या दिवशी रजा टाकून मीच गाडी काढली. हे मांडीवर डबी घेऊन, पायांत यंत्र उभं धरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बँकेच्या वार्षिक सभेला जायचे तेव्हाचा तो शर्ट.

ऑफिसातला अधिकारी पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याने आधी कहवा आणि खजूर पुढे केले, मग सगळं ऐकून घेतलं. यांनी जागा सांगितली, वही दाखवली. वही बघून तो खूश झाला. किती बोटं खोल, कोणत्या दगडापासून किती पावलं, सगळं लिहिलेलं. म्हणाला, अशी वही त्याच्या स्वतःच्या माणसांनी ठेवली तर बरं होईल. यांचा चेहरा उजळला. मग त्याने डबी उघडली, नाणं भिंगाखाली धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. भिंग खाली ठेवलं.

"हे कुणी धुतलं?"

मला तेवढी अरबी कळते. मी तोंड उघडलं. माझ्या आधी हे म्हणाले, "अना." मी.

"कशाने?"

यांनी लिंबू सांगितलं. रांगोळीला अरबी शब्द त्यांनाही येत नव्हता. पांढऱ्या दगडाची पूड, असं समजावलं. अधिकाऱ्याने डोळे मिटून घेतले. मी मराठीत म्हटलं, "अहो, काय करताय, मी सांगते ना त्यांना." हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप्प बस. अवलंबिताने चूक केली तर एक वेळ चालेल. डॉक्टरीणबाईंनी केली तर इस्पितळात पत्र जाईल."

अधिकारी बोलला ते वाईट वाटून बोलला, हे मला पटलं. अक्षरं असती तर टाकसाळ कळली असती, साल कळलं असतं, नोंद झाली असती, नोंदीत शोधणाऱ्याचं नाव गेलं असतं. आता ही नुसती चांदीची चकती. वजन करून ठेवून देतील, पुढे 'ओळख नाही' एवढंच लिहितील. त्यात कुणाचं नाव घालायची पद्धत नाही. हे मान हलवत ऐकत होते. बँकेत कर्ज नामंजूर झालेली माणसं यांच्यासमोर अशीच मान हलवत बसायची.

यंत्र ठेवून घेतलं. राहिलं होतं ते लेखी हमीपत्र, की पुन्हा असं यंत्र वापरणार नाही. आणि एका जुन्या वस्तूचं आपल्या हातून नुकसान झालं, याची कबुली. कारकुनाने कागद पुढे सरकवला. या देशातल्या प्रत्येक ऑफिसात सही मीच करते, त्या सवयीने मी पेन काढून उठले. अधिकाऱ्याने हात वर केला. "नाही दुक्तूरा. ज्याने केलं तोच सही करतो. तुमचा यात संबंध नाही."

मी खाली बसले. यांनी बँकेतली जुनी सही केली, लांब, शेवटी दोन टिंबांची. ती सही मी चिपळूण सोडल्यापासून बघितली नव्हती. कारकुनाने शिक्का मारला आणि एक प्रत यांच्या हातात दिली.

परत येताना गाडी मीच चालवत होते. यांनी कागदाची घडी घातली नाही, दोन्ही हातांनी सरळ धरला होता. अरबी अक्षरांवर बोट ठेवून वाचत होते: त्यांचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, मग आडनाव. पुन्हा सुरुवातीपासून. मला रडू येत होतं आणि समोर ट्रक होता. सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "अहो, मी केलं ते. कबुली खोटी आहे."

"असू दे," ते म्हणाले. "नाव खरं आहे."